बैलतोंड्याचं वाळवण

मी बोलून राह्यलो, घुग्घुसचा बैलतोंड्या. धड माणसाचं, मुंडकं बैलाचं, हातात कुऱ्हाड आणि उंची तुमच्या अंगठ्याएवढी. हसून घ्या. मीसुद्धा तुमच्यावर हसतच असतो.

तिकडं पुण्याला मिशावाले बाप्ये खेळ म्हणून टेबलावर आमच्यासारख्या बाहुल्यांच्या लढाया लावतात. घरवाली जेवायला हाक मारते, तर म्हणतात, "थांब, राक्षस मरतोय." असल्या शहाण्यांसाठी माझा जन्म.

जन्मही उलटाच. तबकात रेझिन, म्हणजे उजेडानं घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, खालून थ्री-डी प्रिंटरचा उजेड, आणि मी वटवाघळासारखा पाय वर टांगलेला, थराथरानं वाढणारा. मग स्पिरिटची आंघोळ आणि जांभळ्या दिव्याखाली थोडा शेक. झालो पक्का! त्यावर पुन्हा ऊन दाखवलं की आमची जात कडक होत जाते, इतकी की पापडासारखी मोडते. हे प्रणितला ठाऊक होतं. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

प्रणित म्हणजे माझा मालक, घरीच प्रिंटर ठेवून आम्हाला घडवणारा. कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडं कामाला. पाळीवरून आला की असा खोकायचा की मी फळीवर डुलायचो. पुण्याच्या एका खेळमंडळानं आमची अख्खी फौज मागवली होती. पसंत पडली तर कायमचं काम आणि खाण सुटणार.

त्याचा बाप गुणवंतराव, कुंभार. पोळ्याला मातीचे बैल करावेत तर त्यानंच. पोरगा चाकावर बसला नाही म्हणून बापलेकाचं बोलणं बंद. म्हणजे चालू होतं, पण सुनेच्या तोंडून. तिघंही एकाच खोलीत, बरं का!

"साधना, त्याले विचार, हे बाहुले टिकन का?"

"मामाजी विचारून राह्यले, टिकन का?"

"त्यायले सांग, तुमच्या बैलाहून जास्त टिकन."

"आयकलं मी! बहिरा नाई झालो अजून."

हसून हसून माझी शिंगं दुखली.

फौज तयार झाली. प्रणित पाळीवर गेला, तसा म्हातारा हळूच फळीजवळ आला. मला उचललं, नखानं टिचकी मारली, कानाशी धरलं. मडकं वाजवून पाहतात तसं.

"बद्द वाजते. कच्चं आहे हे," तो पुटपुटला. "असंच धाडलं तं पोराचं नाक जाईन पुण्यात."

मग काय! आम्हाला टिनाच्या छपरावर मांडलं. मे महिना, आणि ऊन आमच्या चंद्रपूरकडचं! रोज प्रणित गेला की आम्ही वर, तो यायच्या आत खाली. म्हातारा दुपारी चढून आमची कूस बदलायचा, कोळशाची धूळ फुंकायचा. जन्मभर कच्ची माती अशीच सांभाळली होती त्यानं.

साधनानं पाहिलं. "मामाजी, काऊन हो एवढ्या उन्हात?"

"त्याले सांगू नोको. म्हणन, बुढा मदत करून राह्यला."

मी बोंबलत होतो, "अरे बाबा, मोडून राह्यला तू आमाले!" पण आमचं ऐकायला तुम्हाला कान कुठं?

एके दिवशी टिचकीला मी खणखणलो. म्हातारा पोरासारखा हसला. "आता झाला पक्का!"

प्रणितनं डबा भरला, नमुना म्हणून मला मागं ठेवलं. पुण्याहून फोन आला: डब्यात शिंगं वेगळी, कुऱ्हाडी वेगळ्या, हात लावला की तुकडा. पुन्हा पाठवू नका.

"रेझिनच खराब लागलं," प्रणित म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून खोकत राहिला. साधनानं सासऱ्याकडं पाहिलं, सासऱ्यानं जमिनीकडं. दोघांचं बोलणं वाहणारं ते एकुलतं तोंड नेमकं त्या दिवशी मिटलेलं.

प्रिंटर विकला. प्रणितची पाळी तशीच चालू.

आणि मी? मी अजून रोज टिनावर. म्हाताऱ्याला वाटतं, ऊन कमी पडलं. माझं एक शिंग त्याच्याच चिमटीत गेलं, तरी कूस बदलताना मला म्हणतो, "तू पक्का हो बाप्पा. मंग तुले त्याच्या हातावर ठेवतो अन् मीच बोलतो त्याच्याशी, साधना नाई पाह्यजे."

घुग्घुसकडं आलात तर मला सावलीत ठेवायची तसदी घेऊ नका. त्या दोघांना तेवढं समोरासमोर बसवा. जरा लवकर या. दुसऱ्या शिंगालाही तडा गेलाय.