हौसाचा धवला

आमच्या आगऱ्यांत लग्न लावते ती धवलारीण. हल्ली भटजीलाही बोलावतात. तो माईकवर मंगलाष्टकं म्हणतो, व्हिडिओवाल्याला हवा तसा उभा राहतो आणि दक्षिणा घेऊन पुढच्या हॉलवर पळतो. पण मांडवात देवांना नावानिशी हाक मारायची ती धवलारणीनंच, गाण्यातून. त्या गाण्याला धवला म्हणतात. तिनं बोलावल्याशिवाय देव येत नाहीत आणि देव आल्याशिवाय हळद लावू नये, असं आमच्या म्हाताऱ्या मानतात. मीही मानते. माझी थोरली जाऊ हौसा ही पनवेलपासून उरणपर्यंत बोलावणं येणारी धवलारीण होती. तिच्यामागं झील धरायला, तिची ओळ मागून उचलायला, मी असायची.

होती म्हणाले, पण बाई चांगली ठणठणीत आहे. धवला तेवढा गेला.

नव्या रस्त्यात जमिनी जायला लागल्या तेव्हा गावानं ठिय्या दिला. पुरुषांनी बैठक घेऊन ठरवलं की बायकांना पुढं बसवायचं, बायकांवर पोलीस हात टाकत नाहीत. स्वतः मागं, चिंचेच्या सावलीत. बैठकीला आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आम्हाला नुसता निरोप आला, सकाळची कामं उरकून या म्हणून.

समोर साहेबांचा भलामोठा फलक होता. साहेब म्हणजे आमच्या भागाचे मंत्री. हात जोडलेले, आणि खाली लिहिलेलं, ‘तमाम भगिनींचा पाठीराखा भाऊ’. सणाला त्यांच्याकडून घरोघर साडी आली होती आणि आम्ही बऱ्याच जणी तीच नेसून बसलो होतो. बसून बसून अंग आंबलं, तेव्हा त्या फलकाकडं बघत हौसानं लग्नाच्या चालीवर सुरू केलं:

भाऊ आयला गो, साडी घेवन,
भाऊ गेला गो, शेत घेवन.

आम्ही झील धरली. मागून टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या तिच्या मुलाच्या, प्रितेशच्या. त्यानंच ते मोबाइलवर घेतलं आणि आईचं नाव गावासकट लिहून सगळीकडं पाठवून दिलं. पोरगं नुसतं फुशारलं होतं.

आठवडाभरात मोरा बंदरावरच्या कोळणी ते गायला लागल्या आणि साहेबांना झोंबलं. या लोकांना शिव्या चालतात, घोषणा चालतात, पुतळा जाळलेलाही चालतो. बाई हसली की मात्र ह्यांना कायदा आठवतो. पोलीस आले, रीतसर बाईपोलीस घेऊन आले, आणि हौसाला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. विचारत होते एकच, गाणं कोणी रचून दिलं? ती म्हणाली, मी रचलं. ते कुणी लिहूनच घेतलं नाही. पुन्हा विचारायचे, मागं कोण आहे? बाईच्या मागं कुणीतरी पुरुष असल्याशिवाय त्यांचं समाधान होईना.

मग प्रितेशचे डंपर अडायला लागले. भरावाचं काम त्याचं, आणि प्रत्येक नाक्यावर त्याचीच गाडी बाजूला घ्यायची. त्यात अंकिताचं, म्हणजे त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं, मुलाकडचे नवीन पनवेलचे आणि साहेबांच्या पक्षातले. गावचे पुरुष साहेबांच्या ऑफिसात जाऊन तडजोड करून आले. मोबदल्याचं जमलं, ठिय्यात पुरुषांवर पडलेल्या केसेस मागं घ्यायचं ठरलं. बदल्यात ते गाणं सगळीकडून काढून टाकायचं आणि हौसानं मोबाइलसमोर माफी मागायची. काय बोलायचं तेही तिकडूनच आलं. अंकितानं वाचून दाखवलं. मी अडाणी बाई आहे, मला राजकारण कळत नाही, हे गाणं माझं नाही, मला कुणीतरी शिकवलं, भावानं बहिणीची चूक पोटात घालावी.

हौसा म्हणाली, "माफी मागतंय. गानं माजं नाय, असं नाय बोलनार."

दोन दिवस घरात चूल धड पेटली नाही. प्रितेश वाईट नाही हो, मी त्याला न्हाऊमाखू घातलंय. पण भ्यालेला माणूस आपल्याच माणसाला आधी दाबतो. तो तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आये, शब्दच तर हायत. बोलून टाक नं एकदा."

मग तिनं अंकिताकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि बोलून टाकलं. समोर मोबाइल धरला होता प्रितेशनंच. संध्याकाळी साहेबांनी मोठ्या मनानं माफ केल्याचं सगळीकडं आलं. डंपर सुटले, चिंचेखाली पेढे वाटले. बायकांवरच्या केसेस तशाच राहिल्यात हे नंतर कळलं. त्यांची आठवणच तडजोडीत कुणाला झाली नव्हती. मला साहेबांचा राग येतो, पण ते परके. चिंचेखालच्यांचा जास्त येतो.

अंकिताच्या हळदीला दारात मांडव पडला. तांदळाचा चौक भरला, पाट मांडला, अंकिता येऊन बसली. भावकीतल्या साऱ्या बाया हातात तांदूळ घेऊन वाट बघत होत्या. हौसा ओटीवर भिंतीला टेकून बसलेली. मी हाक मारली, उठली नाही. प्रितेश आला, आधी चिडला, मग लोक बघतायत म्हटल्यावर खाली बसला.

ती हळूच म्हणाली, "माजं गानं माजं नाय, असं ज्या तोंडानं बोलले, त्या तोंडानं देवांना कशी हाक मारू? ते यायचे नाय."

"आये, तुजी नात हाय ती."

"म्हनूनच."

प्रितेशनं तिचे हात धरले. तिनं सोडवून घेतले नाहीत. आवाजही चढवला नाही, लहानपणी त्याला समजवायची तशीच म्हणाली, "शब्दच तर हायत, पोरा. तूच बोलून टाक."

मी उभी राहिले, म्हटलं आपण सुरू करावं. पण आयुष्यभर तिच्या मागून गायलेय मी. तोंड उघडलं आणि सवयीनं थांबले, तिची ओळ येईल म्हणून. ती आली नाही. अंकिता पाटावर मान खाली घालून बसली होती आणि हळद वाटीतल्या वाटीत सुकायला लागली होती.

शेवटी कुणीतरी म्हणालं, हौसाचाच धवला मोबाइलवर असेल तर लावा, आवाज तर तिचाच. प्रितेशचा चेहरा उजळला. मांडवाच्या खांबापाशी उभा राहून तो शोधायला लागला. ठिय्यावरचं गाणं त्यानंच पुसलं होतं. आणि देवांचा धवला त्यानं कधी भरून ठेवलाच नव्हता. आई घरातच होती, भरून कशाला ठेवायचा? त्याचा अंगठा खालीवर, खालीवर फिरत राहिला, आणि एका जागी चुकून टेकला.

सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा हौसाचा आवाज आला, "मी अडाणी बाई आहे."

प्रितेशनं मोबाइल छातीशी दाबून धरला, तरी तो आतून बोलतच होता.