हॅट मादामची, हात लेओकादीचे

प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या दिवशी चित्रकारांना आपापल्या टांगलेल्या चित्रांवर रोगण चढवायची मुभा असते, आणि नेमकं त्याच दिवशी अख्खं पॅरिस तिथे फुकटचे सल्ले द्यायला लोटतं. त्या गर्दीत लेओकादी शिडी धरून उभी होती आणि आठवतील तेवढ्या संतांना मेणबत्त्या कबूल करत होती. शिडीवर गारिग होता, तिच्याच जिन्यावर राहणारा चित्रकार. एक कुंचला हातात, एक तोंडात.

"पूस ना रे ती हॅट!" ती खालून कुजबुजली. "काळी कर, निळी कर, डोक्यावर परात घाल, पण ही नको!"

"हॅट पुसली तर चित्रात उरलं काय? पहिल्यांदा माझं चित्र प्रदर्शनात घेतलंय यांनी, लेओकादी!"

"आणि माझी नोकरी जाईल ती?"

नोकरी जाणारच होती. लेओकादी मादाम पोमरोच्या दुकानात हॅट शिवायची. ही हॅट तिनेच चार दिवस खपून केलेली, जांभळी, तीन पिवळी पिसं आणि कानावर लटकणारा चेरींचा घोस. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती खोक्यात घालून दुकानाच्या गिऱ्हाईक मादाम व्हिलमोरकडे पोचवायला निघाली, तर वाटेत हा गारिग भेटला. "देव्या आणि अप्सरा पुष्कळ झाल्या, आता कॅफेत बसलेली आजची बाई हवी," म्हणाला. बीअर पाजतो म्हणाला. बीअरला कोण नाही म्हणतं? तासभर ती दुसऱ्याची हॅट घालून बसली. गिऱ्हाइकाच्या आधी हॅट डोक्यावर घालणं हे मादाम पोमरोच्या लेखी चोरीहून वाईट होतं.

गारिगने घाईघाईत चेहऱ्यावर चारच फटकारे मारले होते. लेओकादीच्या आईनेही तिला ओळखलं नसतं. पण हॅट? चेरीसुद्धा मोजून सात.

"सरका, सरका!" आवाज आला. दोन मैत्रिणींना घेऊन मादाम व्हिलमोर आली होती. शेजारच्या भिंतीवर समुद्रातून कोरडीच वर आलेली साबणासारखी गुळगुळीत व्हीनस होती. तिच्याकडे ढुंकूनही न बघता मादामने हातात धरायचा दांडीचा चष्मा डोळ्याला लावला.

"अगं बाई! ही तर माझी हॅट!"

शिडी थरथरली. लेओकादीने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे ही मीच! लबाड कुठला! चोरून बघत होता वाटतं मला?"

गारिगच्या तोंडातला कुंचला खाली पडला. मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. मादाम म्हणाली, चित्र मीच घेणार, माझ्या बैठकीत लावणार. लेओकादीच्या जिवात जीव आला. हसू आवरेना म्हणून तिने ओठ चावले.

"पण काय गं," एक मैत्रीण म्हणाली, "कॅफेत, आणि हातमोज्यांशिवाय? हात बघ की, धोबिणीसारखे लालभडक!"

मादामने चष्मा पुन्हा लावला. "अहो महाशय, हातमोजे घाला पाहू मला. पांढरे."

"आत्ता घालतो, मादाम!" पहिलं गिऱ्हाईक मिळालेला माणूस, त्याने व्हीनसलाही पायमोजे घातले असते. कुंचला पांढऱ्या रंगात बुडला.

लेओकादीने वर बघितलं. चेहरा तर तिचा राहिलाच नव्हता. हॅटही गेली. उरले होते ते दोन हात, हॅटना आकार देताना वाफेने सोललेले, सुया टोचून टोचून राठ झालेले. एवढं एकच तिचं होतं त्या चित्रात, आणि तेही हा मेला पुसायला निघाला होता. तिचं डोकंच फिरलं. तिने शिडी अशी गदगदा हलवली की गारिग वरच्या वर लटकला.

"त्या हातांना हात लावशील तर बघ! माझे आहेत ते!" आणि तिने आपले दोन्ही पंजे मादामच्या नाकासमोर धरले. "मीच बसले होते तिथे. हॅट घालून!"

"अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला!" वरून गारिग कळवळला.

मैत्रिणी आधी हातांकडे बघत होत्या, मग चित्राकडे, मग मादामकडे, आणि दोघींच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. मादाम व्हिलमोर पांढरीफटक पडली. आपण मिरवली ती हॅट दुकानातल्या पोरीने आधी मिरवली होती हे कबूल करायचं, की...

"काहीतरीच बडबडते बिचारी," ती ताठ मानेने म्हणाली. "त्या दिवशी थंडी होती. माझे हात थंडीत लाल होतात. महाशय, हात तसेच ठेवा!"

लेओकादी बाहेर पडली ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारतच. हसताहसता तिला उचकी लागली. मादाम तक्रार करणार तरी कशी? तक्रार म्हणजे कबुली!

पुढच्या गुरुवारी मादाम व्हिलमोर दुकानात आली, हातमोज्यांशिवाय. तळहातांना चक्क लाली फासलेली. मागोमाग त्या दोन मैत्रिणी, त्यांचेही हात बीटासारखे. मादाम पोमरो बघतच राहिली.

लेओकादीने नवी हॅट पुढे केली. मादाम व्हिलमोरने दाराकडे, मग मैत्रिणींकडे बघितलं आणि हळूच तिच्या कानाशी लागली.

"आधी तू घाल," ती म्हणाली. "मला बघू दे, कशी दिसते मी."