आगन्या नाखव्याचं लग्न

हेमा कर्णिक ठाण्याच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि वर्गातल्या एकाही मुलीला सह्याद्रीतल्या घाटांचं काही पडलेलं नव्हतं. तिचं मन लावून ऐकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते मासळी बाजारात ओट्यावर बसायचं.

ती चेंदणीची भागीरथी कोळीण. अंबाड्यावर अबोलीचा गजरा, पुढ्यात पाटी, हातात कोयता. मासे साफ होईपर्यंत नुसतं उभं काय राहायचं, म्हणून एका रविवारी हेमाने पिशवीतल्या पुस्तकातली गोष्ट सांगायला घेतली. तिथून जी सवय लागली ती चार वर्षं सुटली नाही. पुस्तक होतं 'तारासमुद्र', भाग पहिला, लेखक सीताराम ओळतीकर. चांदण्यांच्या मधोमध पाणी असतं, त्यावर गलबतं चालतात, आणि त्यातल्या एका गलबताचा नाखवा अग्निध्वज हा सात काळ्या बेटांपलीकडे हरवलेल्या राजकन्या नीलतारकेला शोधायला निघतो, अशी ती कहाणी. भाग एकूण बारा होणार, असं ओळतीकरांनी प्रस्तावनेतच जाहीर करून टाकलं होतं.

"बारा?" भागीरथीने कोयता थांबवला. "तवर माजी शेवंती लग्नाची व्हईल. बरा, सांग."

अग्निध्वज हे नाव तिच्या तोंडात बसेना. तिने पहिल्याच दिवशी त्याचं आगन्या करून टाकलं, आणि राजकन्येची निली. गोष्ट ऐकता ऐकता ती ओळतीकरांच्या चुकाही काढायची.

"कवा निगाला म्हनतेस? ओहोटीला?"

"पुस्तकात तसंच आहे, मावशी."

"येरा हाय काय तो? भरलेली होरी चिखलान रुतल ना!"

हेमाला हसू आवरेना. पुढच्या रविवारपासून तिने अग्निध्वजाची सगळी गलबतं गुपचूप भरतीला सोडायला सुरुवात केली.

चौथा भाग संपला तेव्हा नाखवा सहाव्या बेटाच्या खडकावर, राजकन्या सातव्या बेटाच्या बुरुजावर, आणि मधे नुसता अंधार. पाचवा भाग 'लवकरच' येणार होता. लवकर म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. चौकातल्या वाचनालयात विचारून विचारून हेमाला लाज वाटू लागली, आणि इकडे दर रविवारी भागीरथी विचारायची, "काय गो मास्तरीन, माजा पोर अजून खडकावरच? थंडीन मरल ना!"

एका रविवारी तिने असं विचारलं, आणि हेमाच्या जिभेला काय झालं कोण जाणे.

"आला, मावशी. पाचवा भाग आला," ती म्हणाली.

एकदा म्हटल्यावर मागे कसं फिरायचं? हेमाने त्याच पावली नाखव्याला खडकावरून खाली उतरवलं. बिचारा दीड वर्ष उभा होता, म्हणून आधी त्याला चुलीवरच्या सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी दिली. मग होडी दिली, वारा दिला. पुढच्या रविवारी सातवं बेट, त्याच्या पुढच्या रविवारी बुरूज. स्वयंपाक करताना, वह्या तपासताना, शाळेत प्रार्थना चालू असताना तिच्या डोक्यात पाणी हेलकावत असे. चैत्र लागेपर्यंत तिने दोघांचं लग्न ठरवलं, आणि वैशाखात लावूनही दिलं.

त्याच वैशाखात भागीरथीच्या शेवंतीचं लग्न निघालं. नवरा मढचा, गुणाजी नावाचा, स्वतःच्या होडीचा नाखवा. आणि भागीरथी नुसती वधूमाय नव्हती. ती कोळीवाड्याची धवलारीण होती. मांडवात ती गायची ती लग्नाची गाणी म्हणजे धवले, आणि तिने धवला गायल्याशिवाय चेंदणीत कुणाची हळद लागत नव्हती. हेमा हळदीला गेली. भागीरथीने पाटासमोर बसून डोळे मिटले, देवादिकांची लग्नं एकामागून एक गायली, आणि मग तिचा आवाज हळूच वळला:

*तारांच्या दर्यान गो होरी आयली रुप्याची,*
*नाखवा आगन्या नवरा, नवरी आभालाची…*

हेमाने सरबताचा पेला खाली ठेवला. बायकांनी मात्र ओळ अशी उचलली जणू आजीच्या आजीपासून ती चालत आली होती. ज्या लग्नाचा जगातल्या कुठल्याही पुस्तकात पत्ता नव्हता, ते लग्न शेवंतीच्या अंगाला हळदीसारखं लागलं.

आषाढात पाचवा भाग खरोखरच आला.

हेमाने तो एका बैठकीत वाचला, आणि शेवटचं पान मिटून कपाळाला हात लावला. ओळतीकरांनी अग्निध्वजाला बुडवला होता. सातव्या बेटापाशी, पान दोनशे अठ्ठ्याऐंशीवर, वादळात. लग्न नाही, हळद नाही, निरोपाचा एक शब्द नाही. राजकन्या बुरुजावरून बघत राहिली आणि खाली कंसात छापलं होतं, भाग पाचवा समाप्त.

ठीक आहे, हेमाने मनाशी ठरवलं, सांगायचंच नाही. मावशी कुठे वाचायला जाणार आहे?

पण तिच्याच इमारतीत मधू सबनीस राहत होता. बँकेत नोकरीला. कुठल्याही पुस्तकाचा शेवट पोटात ठेवणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. मंगळागौरीला आलेल्या बायकांना जिन्यात अडवून त्याने एका रहस्यकथेतला खुनी सांगितला होता. रविवारी हेमा ओट्यापाशी उभी असताना पिशवी हलवत तो नेमका तिथेच आला.

"वहिनी! वाचलात की नाही पाचवा? नाखवा गेला! खल्लास! बुडाला सातव्या बेटाला, मार्गशीर्षातल्या वादळात!"

भागीरथीच्या हातातला कोयता बोई माशाच्या डोक्यावर अधांतरी राहिला.

"कोन बुरला?"

"अग्निध्वज हो, मावशी. हीरो. लग्नाआधीच."

आणि ओट्यामागे, आखाडाची माहेरी आलेली शेवंती टोपलीत बर्फ भरत होती. तिने सगळं ऐकलं.

त्यानंतरचे आठ दिवस हेमाला मासे गोड लागले नाहीत. शेवंतीने घरात धरणं धरलं होतं. नारळी पुनवेला दर्यात नारळ पडला की होड्या बाहेर निघतात, गुणाजीची पहिली. आणि ही म्हणत होती, मी त्याला जाऊ द्यायची नाही. ज्या नाखव्याचं नाव घेऊन मला हळद लावली तो बुडाला. आता माझा नवरा दर्यात कसा सोडू? गुणाजी मढहून दोनदा येऊन समजूत काढून गेला. होडी नाही तर पोट नाही, हे तिलाही कळत होतं. तरी तिची मान काही हलेना.

"मास्तरीन," पुढच्या रविवारी भागीरथी म्हणाली, "लगीन पुस्तकान होता का नवता?"

आता खरं सांगावं असं हेमाच्या अगदी ओठांवर आलं. पण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझ्या लेकीच्या मांडवात तू जे गायलीस ते मी भाकऱ्या थापताना रचलं होतं? शेवंती मागे उभी होती, डोळे सुजलेले.

"होतं, मावशी," हेमा म्हणाली. "माझ्या… माझ्या प्रतीत होतं."

"मंग यो मधू खोटा बोलते, नायतर तो लिवनारा. लिवनारा रंवतो कुठं?"

त्या काळी पुस्तकाच्या मागच्या पानावर लेखकाचा पत्ता बिनधास्त छापत. डोंबिवली पूर्व, दुसरा मजला.

शनिवारी दुपारी तिघी डोंबिवलीला उतरल्या. भागीरथीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि काखेत एक कापडी पिशवी होती. "त्यात मासे नाहीत ना?" हेमाने धास्तावून विचारलं.

"बामनाचे घरान मासली नेऊ? मला काय अक्कल नाय?"

दार विमलाबाईंनी, म्हणजे लेखकाच्या बायकोने उघडलं. सीताराम ओळतीकर पायजमा आणि जाळीच्या बनियनमध्ये खाटेवर बसून शेंगा सोलत होते. सात बेटं आणि चांदण्यांचं पाणी निर्माण करणारा माणूस इतका किरकोळ असेल असं हेमाला वाटलं नव्हतं. वाचक भेटायला आल्याचं कळल्यावर ते आधी फुलले. मग त्यांनी भागीरथीचा चेहरा पाहिला.

"तू माज्या नाखव्याला बुरवलास," भागीरथी म्हणाली.

"अहो, पण ती कथेची गरज—"

"कोनाची गरज? तुला काय धा पोरं हायेत नाखवे, की एक बुरला त चाललं? वादल कुठून आयला सांग! मार्गशीर्ष लिवलास ना? मार्गशीर्षान कंदी असला वादल व्हते?"

ओळतीकर हेमाकडे बघू लागले. हेमा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली.

"आणि लग्न?" इतका वेळ गप्प असलेली शेवंती म्हणाली. "आगन्याचं ना निलीचं लग्न झालेलं का नाय? तुमी सांगा. तुमी लिवलंय."

"लग्न? कुठलं लग—"

हेमाने दाराकडे पाहिलं. आता संपलं. आता हा माणूस एक वाक्य बोलेल आणि चार वर्षांचे रविवार धुऊन जातील.

तेवढ्यात भागीरथीने पिशवीत हात घातला. शेंडी ठेवून सोललेला, हळदीकुंकू लावलेला नारळ तिने काढला, आणि शेंगांची ताटली बाजूला सारून दोन्ही हातांनी लेखकापुढे ठेवला.

"दर्याला देतो तसा तुला देते," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. "पावसाभर खवललास, बस झाला. आता शांत हो. आमच्या होऱ्या जाऊन येऊ दे."

विमलाबाई पाण्याचे पेले घेऊन दारातच थबकल्या. ओळतीकरांनी नारळाकडे पाहिलं. वीस वर्षं ते लिहीत होते. वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांचे कोपरे दुमडले गेले होते, परीक्षणांत त्यांची टिंगल झाली होती, पण समुद्र म्हणून त्यांच्यापुढे नारळ कुणी ठेवला नव्हता.

त्यांनी शेंगांची टरफलं झटकली, चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"झालं असं," ते शेवंतीला म्हणाले, "की छापखान्यात एक फॉर्मा गळला. सोळा पानं. त्यात लग्न होतं. आणि बुडाल्यावर तो वर येतो, तेही त्यातच होतं."

"वर येतो?"

"म्हणजे येणारच ना! नाखवा आहे तो. पोहता येत नाही का त्याला?"

शेवंतीने इतक्या दिवसांचा श्वास सोडला. मग पदर तोंडाला लावून ती हसली.

"छापखानेवाला मेला!" भागीरथी म्हणाली. "सहाव्या भागान घाल ती पानं. इसरू नको."

जिन्यात ओळतीकरांनी हेमाला हळूच मागे बोलावलं. "बाई, हे लग्न कोणी लावलं?"

"मी," हेमा म्हणाली. कान तापले होते.

"सोळा पानं आहेत का डोक्यात? खरं सांगतो, त्याला बुडवला तो पुढचं सुचेना म्हणून. सहा महिने झाले, कागद कोरा आहे."

"सोळा नाहीत," हेमा म्हणाली. "दीडशे तरी असतील."

स्टेशनवर शेवंती आईसाठी पानाचा विडा आणायला गेली तेव्हा भागीरथी बाकावर टेकली आणि म्हणाली, "बरा खोटा बोलते तो. तुज्यापेक्षा बरा."

हेमा तिच्याकडे वळली. "मावशी… तुला माहीत होतं?"

"पयल्या दिसापासून."

"कसं?"

"अगो, त्याचे गोष्टीन चार भाग झाले, आगन्या एकदा तरी जेवला काय? नुस्ती तलवार हलवते. तू सांगायला लागलीस ना पयलेच दिशी त्याला बोंबलाचा कालवन दिलास. मला कलला, यो पुस्तकाचा नाय, यो आपला हाय."

"मग बोलली का नाहीस? धवल्यात कशाला घातलंस?"

"धवल्यान खरा लगीन घालतात. मला तो खरा वाटला." भागीरथीने तिच्या गुडघ्यावर चापट मारली. "मला तुजी जबान चालते. शेवंतीला लिवनाऱ्याचे तोंडून पायजे होता. शिकलेली ना ती, सातवीपर्यंत. आता ऐक. ती सोला पानं लिवशील तवा त्याला आय दे. चार भागान आय नाय त्याला. आय असती त मार्गशीर्षान बुरला असता?"

नारळी पुनवेला गुणाजीची होडी निघाली आणि चार दिवसांनी पापलेटं घेऊन परतली.

सहावा भाग पुढच्या वर्षी आला. हेमाने रविवारी ओट्यापाशी उभं राहून तो पहिल्या पानापासून वाचून दाखवला. सातव्या बेटाच्या किनाऱ्यावर एक म्हातारी जाळं ओढते, जाळ्यात अर्धमेला नाखवा येतो, आणि त्याला शुद्ध यायच्या आत ती त्याच्या पाठीत धपाटा घालून विचारते, जेवलास का? हेमाने लिहून दिलेली त्या म्हातारीची भाषा ओळतीकरांनी कानामात्रा न बदलता छापली होती. ती पुढे सलग अकरा पानं नाखव्याला फैलावर घेते. भरतीवरून, वाऱ्यावरून, आयशीला निरोप न देता निघाल्यावरून.

भागीरथीने कोयता बाजूला ठेवून सगळं ऐकलं. मग तोंड वाकडं केलं.

"ही बया कोन गो?" ती म्हणाली. "लयच बोलते."