चौकटबाईंची भिंत

"बाई, माणूस गप्प असेल तर फुगा काढायचा का?"

"नाही. गप्प माणसाला फुगा कशाला? चेहरा तेवढा नीट काढ."

मुलीने मान डोलावली आणि ती पुन्हा कागदावर वाकली. चौकटबाई पुढच्या बाकाकडे सरकल्या.

हे नाव त्यांना शिक्षकांच्या खोलीत पडलं होतं. एकवीस वर्षं त्यांनी चौथीचे निबंध तपासले होते आणि एकवीस वर्षं प्रत्येक पोराने सुट्टीत खूप मजा केली होती. ज्याचा पाय मोडला, त्यानेही मजाच केली होती. शेवटी वैतागून त्यांनी पोरांना सहा चौकटी आखून दिल्या. तुमच्या बाबतीत खरंच घडलेलं काहीतरी काढा, कोण काय बोललं ते फुग्यात लिहा, मग प्रत्येक चौकटीखाली आपलं एक वाक्य. आणि पोरं चक्क लिहायला लागली. एकीने धाकट्या भावाचे केस आपणच कापल्याचं कबूल केलं. मुख्याध्यापिका "आता सिनेमाच दाखवा" म्हणाल्या, पण मधल्या सुट्टीत येऊन सगळं वाचून गेल्या. आपल्याला काहीतरी येतं, असं बाईंना पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा वाटलं. त्या वयात असं वाटणं घातकच, माणूस हुरळून जातो.

शाळा सुटल्यावर त्यांनी त्या मुलीचा कागद हातात घेतला. पहिल्या चौकटीत बाबा डबा घेऊन छापखान्यात निघालेले. दुसरीत मुलगी आत्याबरोबर दातांच्या डॉक्टरकडे. तिसरीत दोघी बागेतून परत येतात, आत्या फोनवर बोलतेय. चौथीत बाकावर बाबा, मांडीवर उघडा डबा, शेजारी कोणी नाही. फुगाही नाही. पाचवीत बाबा मुलीकडे बघून ओठांवर बोट ठेवतात. सहावीत सगळे जेवायला बसलेत. आई विचारते, "आज काम फार होतं का?" बाबा म्हणतात, "फार." खाली मुलीचं वाक्य होतं, 'मी पाणी प्यायले.'

बाईंच्या अंगावर काटा आला. असा शेवट एकवीस वर्षांत कुणी केला नव्हता. त्यांनी लाल पेनने 'वा!' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पालकसभा होती म्हणून तो कागद भिंतीवर अगदी मधोमध लावला. ही चूक डॉक्टरने केली नसती, पोलिसाने केली नसती, शेजारणीने तर मुळीच नाही. ती भाषेच्या बाईंनीच करायची. त्यांनी गोष्ट वाचली आणि त्यातली बातमी त्यांना दिसलीच नाही.

पालकसभेला मुलीची आई एकटी आली. मुलं मैदानावर खेळत होती.

"ह्यांना यायचं होतं हो, पण सुट्टीच देत नाहीत," ती म्हणाली.

"असू दे. आधी भिंत बघा. लेकीने मैदान मारलंय तुमच्या."

आई एकेका चौकटीवर बोट ठेवून वाचत गेली. चौथीवर बोट थांबलं. बाई कौतुकाने सांगत होत्या, "इथे बघा, काही लिहिलं नाही. मोठ्यांनाही जमत नाही हे."

"हे कधीचं आहे?"

"चित्र? कालच काढलं."

"चित्र नाही. हा दिवस कधीचा?"

तेव्हा कुठे बाईंनी चौथी चौकट पुन्हा नीट बघितली. "मुलं काय, कल्पनेने काहीही..." त्या बोलू लागल्या आणि अडखळल्या. मुलीला आतापर्यंत कल्पनेने काहीच काढता आलं नव्हतं, हे त्यांनीच प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं.

"आज सकाळीही डबा भरून दिलाय मी त्यांना," आई हळूच म्हणाली. मागे दुसरे पालक वाचायला खोळंबले होते. तिने पदर सावरला. "अक्षर सुधारलंय हं तिचं." आणि ती गेली. बाईंनी कागद काढून कपाटात ठेवला. चोर गेल्यावर कुलूप लावण्यातला प्रकार.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मुलीला जवळ बसवलं.

"चुकलं गं माझं. भिंतीवर लावण्याआधी तुला विचारायला हवं होतं."

"मला वाटलं, तुम्ही एकट्याच वाचणार."

"घरी रागावले का तुला?"

"नाही. बाबा म्हणाले, तुझी काही चूक नाही. आई तर बोलतच नाही. बाई, आता मी काय करू?"

बाईंनी मुलीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधून दिली.

शाळा सुटताना फाटकाशी एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आता हा ओरडणार, म्हणून बाईंनी मनाची तयारी केली. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"तुम्हीच ना त्या बाई? तिचं चित्र छान आलंय म्हणे. मी बघितलंच नाही. मिळेल का?"

बाई धावत जाऊन कागद घेऊन आल्या. "मला माफ करा. माझ्या लक्षातच..."

"तुम्ही काय करणार? आज ना उद्या कळायचंच होतं. काम सुटल्याचं मीच रोज उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत होतो." तो कागद बराच वेळ बघत राहिला. "माझं नाक मोठं काढलंय जरा." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "आता रोज मीच येईन तिला न्यायला. वेळच वेळ आहे."

मुलगी बाहेर आली. त्याने तिचं दप्तर घ्यायला हात पुढे केला. तिने दिलं नाही. बाईंना तिला हाक मारावीशी वाटली, पण मारून सांगणार काय?

दोघं निघाली. तो पुढे, मुलगी दोन पावलं मागे. मागे न बघता त्याने तिच्यासाठी हात मागे धरला होता. रस्त्याच्या वळणापर्यंत तो तसाच रिकामा होता आणि मुलगी दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे घट्ट धरून चालत होती.