सहाव्या घरातलं काडतूस

निवडणूक लागली की लायसन्सवाल्यांना आपापली हत्यारं पोलीस थान्यात जमा करावी लागतात. नवं राज्य झाल्यानंतरची ही पहिलीच निवडणूक. उद्या सकाळी जमा करायचं, म्हणून आज दुपारी श्यामकांतकाका आपलं रिव्हॉल्व्हर घेऊन तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी आले. माझे सासरे अनंतराव, म्हणजे बाबा, आणि त्यांचे हे जुने मित्र काका, दोघांनाही या वस्तूंचा शौक. बाबांनी बैठकीतल्या लाकडी तक्तपोसावर जुनी चादर अंथरली आणि दोन्ही रिव्हॉल्व्हरं शेजारी शेजारी ठेवली.

"हे बघ अनंता, कानपूरचं. घोड्यापाशी हा खटका. लावला की बात खतम. सहाच्या सहा भरून ठेव, झोप निवांत."

"मले नाही लागत खटका," बाबा म्हणाले. त्यांचं विलायती, त्यांच्या वडिलांच्या जंगलखात्यातल्या नोकरीतलं. "आमच्यात पाचच भरतात. घोड्याखालचं घर रिकामं. पडलं, आपटलं, तरी सुटत नाही."

"म्हणजे सहाचं घेऊन पाचचं काम! बुढापा आला तुह्या विलायतीले."

"बुढापा तुले आला. चाप ओढताना हात पाहा कसा थरथरून राहिला."

निरंजन, माझा नवरा, निवडणुकीच्या ट्रेनिंगला धमतरीला गेला होता, सासूबाई नागपूरला. घरात आम्ही तिघंच. निधी दोन वर्षांची, तक्तपोसाखाली बसून काडेपेटीची गाडी चालवत होती. ती तिथे असताना हे सगळं वर मांडलेलं मला आवडत नव्हतं. पण बाबांचा हात या कामात चाळीस वर्षांत चुकला नव्हता, आणि ते त्यांनी मला दहादा सांगितलं होतं.

मी चहा घेऊन आले तेव्हा बाबा चष्मा शोधायला आत गेले होते. काकांनी बाबांच्या डब्यातलं एक काडतूस उचललं, जुन्या रिव्हॉल्व्हरच्या रिकाम्या घरात अलगद सरकवलं आणि मला डोळा मारला.

"बोलू नको, बहू. पाहू बुढ्याच्या ध्यानात येते का."

मी हसले. हे लिहिताना हात जड होतो, पण मी हसले होते. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून धावले. इकडे काकांचा मोबाइल वाजला, गोल बाजारातल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानात कुणाचं तरी भांडण झालं होतं. आपलं हत्यार पेटीत घालून ते निघूनही गेले. गंमत सांगायची राहिली.

मी ओटा पुसून बाहेर आले तर बाबांनी रिव्हॉल्व्हर रिकामं करून सगळं आवरलेलं. हे जुनं रिव्हॉल्व्हर मधोमध दुमडून उघडलं की सगळी काडतुसं एकदम उडून बाहेर पडतात.

"बाबा, सहावं?"

"कोणतं सहावं? पाच होते, पाच उचलले."

"काकांनी एक भरलं होतं. डब्यातलं. तुमची गंमत करायला."

"काहीही बोलून राहिली. मले शिकवते काय?"

"डबा मोजा, बाबा. पाया पडते."

डब्यात सुटी सात हवी होती. त्यांनी दोनदा मोजली. सहाच होती. बाबांचा चेहरा असा उतरला की मला त्यांच्याकडे बघवेना.

निधी तक्तपोसाखाली नव्हती. मागच्या अंगणाच्या उंबऱ्यावर बसली होती, हात धुळीने काळे, हनुवटीवर लाळ. मला पाहून खोकली. गेल्याच महिन्यात तिने शर्टाचं बटण गिळलं होतं. मी तिच्या तोंडात बोट घातलं, मुठी उघडल्या, झबलं झटकलं. काही नाही. "निधू, काय खाल्लंस? दाखव ना गं राणी." ती रडायला लागली. आम्ही चादर झटकली, तक्तपोस ओढला. काही नाही.

"तू जा डॉक्टरकडे," बाबा म्हणाले. "मी घर पालथं घालतो. पोट्टी मळली किती! पाणी तापवून ठेवतो, आल्यावर न्हाऊ घाल तिले." त्यांना काहीतरी करायचं होतं, एवढंच मला तेव्हा कळलं.

समता कॉलनीतल्या दवाखान्यात एक्स-रेच्या थंडगार काचेवर मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तिला दुखवत होते. फिल्म धुऊन यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते कुणाला सांगणार नाही.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "कुछ नहीं है. पेट एकदम साफ."

मी बाकावर बसून रडले. निधीच्या हातात नर्सने बिस्कीट दिलं. तिने ते खाल्लं नाही. वजनकाट्याजवळ उकिडवी बसली आणि काट्याखालच्या फटीत एक तुकडा सरकवला. मग दुसरा. अगदी मन लावून.

आणि माझं रडणं थांबलं.

रोज सकाळी बंब पेटवण्याआधी मीच तिला तसं उकिडवं बसवते. बंबाच्या खालच्या तोंडातून तीन ढलप्या तिने सरकवायच्या, मग मी काडी लावायची. ते तिचं काम. मी तिला लावलेली सवय. आणि बाबा पाणी तापवणार होते.

काउंटरवरून घरी फोन लावला. वाजत राहिला. फोन पुढच्या खोलीत, बंब मागच्या अंगणात, आणि बाबांचा डावा कान बंदुकीच्या आवाजांनी केव्हाच गेलेला. पुन्हा लावला. पुन्हा.

"भैया, तात्यापारा. जल्दी, बहुत जल्दी."

वाटेत प्रचाराची जीप आडवी, भोंगा बोंबलतोय, पोरं पत्रकं उधळतायत. मी रिक्षातून उतरले आणि निधीला छातीशी घट्ट धरून पळत सुटले. तिला वाटलं खेळ आहे. ती खिदळत होती.

गल्लीच्या तोंडाशीच धुराचा वास आला.

निधीला शेजारच्या पद्मिनीवहिनींच्या दारात ठेवलं आणि आत धावले. बाबा बंबापुढे वाकून फुंकर घालत होते, चेहरा बंबाच्या त्या खालच्या तोंडापासून वीतभर.

"बाबा, बाजूला व्हा!"

त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांची बंडी धरून मागे खेचलं. ते जमिनीवर बसले. भरलेली बादली मी खालच्या तोंडात भसकन ओतली, मग दुसरी वरून. वाफ, राख, काळं पाणी अंगणभर.

"काहून? काय झालं?"

मी चिमट्याने ओल्या ढलप्या ओढत राहिले. अर्ध्या जळक्या, अर्ध्या कोऱ्या. आणि त्यांच्यामागे, अगदी कोपऱ्यात, राखेने माखलेलं, बोटाच्या पेराएवढं ते पितळी काडतूस. कोमट होतं.

बाबांनी ते तळहातावर घेतलं.

"सहा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थान्यात मुन्शीसमोर त्यांनी रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि विचारलं, निवडणुकीनंतर परत न्यायचं नसेल तर अर्ज कुठे करायचा.

पण त्या संध्याकाळचं एवढंच सांगायचं राहिलं. वहिनींच्या कडेवरून निधी उतरली, भिजलेल्या बंबाशी उकिडवी बसली आणि ओली ढलपी उचलून माझ्याकडे बघायला लागली, टाकू का म्हणून. मी तिच्या हातातली ढलपी काढून घेतली. तिला कळेना, आपलं काय चुकलं.