कॅसेटची दुसरी बाजू

राजीवड्यातल्या रझियाकडे कंप्युटर आला, तो काही एका दिवसात आला नाही आणि एका माणसाबरोबरही आला नाही. तो तुकड्यातुकड्यानं येत राहिला, कुवेतहून सुट्टीवर येणाऱ्या माणसांच्या बॅगांमधून. परत येणाऱ्यानं आपल्या सामानातला एक कोपरा दुसऱ्यासाठी ठेवायचा, अशी रीतच होती. पण कोपरा एकच. त्यामुळे कीबोर्ड आला जाजमाच्या गुंडाळीतून, ट्रान्सफॉर्मर दूध पावडरच्या रिकाम्या डब्यातून, आणि आतली हिरवी पाटी आली कुणाच्या तरी लग्नाच्या शेरवानीच्या घडीत. शेवटी उरली ती पत्र्याची पेटी. ती सुलेमानचाचांनी आणली, तीही कपडे भरून. मुंबईच्या विमानतळापासून रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडपर्यंत त्यांनी तिचा बॅग म्हणून वापर केला.

"तुझ्या नवऱ्यानं केलेली पेटी हाय, मजबूत," ते म्हणाले. "एस.टी.त मी तिच्यावर बसून आलो."

रझियानं घाईनं पेटी चारी बाजूंनी फिरवून पाहिली. पण पेटीला पोचा म्हणून नव्हता.

रशीद कुवेतमध्ये मोठमोठ्या इमारतींना थंड हवेचे पत्र्याचे बोगदे बसवायचा. त्याच पत्र्याच्या कापून उरलेल्या पट्ट्यांची त्यानं ही पेटी वाकवली होती. कडा अशा आत दुमडलेल्या, की बोट फिरवलं तरी ओरखडा उठू नये. मागच्या भोकांना मच्छरदाणीची बारीक जाळी लावलेली. हवा आत जावी, मुंग्या जाऊ नयेत. घरात तीन वर्षांची पोर आहे आणि राजीवड्यात मुंग्या आहेत, या दोन्ही गोष्टी तो समुद्रापलीकडे बसून विसरला नव्हता. रझिया त्या कडांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवायची.

दुकानातलं तयार मशीन घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. पण तिथे शुक्रवारी जुना बाजार भरायचा. नोकरी संपवून मायदेशी निघालेले गोरे इंजिनियर आपलं नकोसं सामान तिथे टाकून जायचे. एका मशीनचा कीबोर्ड तुटलेला, दुसऱ्याचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, तिसऱ्याला पेटीच नाही. रशीदनं असली तीन मेलेली मशीनं उचलली आणि त्यांतून एक जिवंत केलं. परदेशी मशीनचं चित्र आपल्याकडच्या टीव्हीवर उमटत नाही, हे कळल्यावर त्यानं आतला एक भाग बदलून तेही जुळवलं. शिक्षण म्हणाल तर आयटीआय. रझिया स्वतः बी.कॉम. झालेली होती, पण हे सगळं ऐकताना तिला वाटायचं, आपण नुसत्या परीक्षाच दिल्या.

हे ती ऐकायची ते कॅसेटवर. दर महिन्याला-दोन महिन्यांनी कुणाबरोबर तरी रशीदची बोललेली कॅसेट यायची. सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचं. आधी अम्मासाठी, म्हणजे त्याच्या आईसाठी, मग शेजारपाजाऱ्यांसाठी, मग लहानग्या नूरसाठी. बायकोसाठीचं बोलणं तो अगदी शेवटी ठेवायचा. तोवर अम्मा टेप बंद करायची, कॅसेट उलटी घालायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उत्तर बोलायला लागायची. "मन ताजं हाय तोवर बोलूक व्हया," असं तिचं म्हणणं. शेवटचा तुकडा रझियानं मग दुपारी एकटीनं ऐकायचा. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण पाळायचे सगळेच.

नूर दोन महिन्यांची असताना रशीद गेला होता. मध्ये एकदा सुट्टीवर आला, तेव्हा ती त्याला बघून रडली होती. आता ती टेपरेकॉर्डरलाच बाबा म्हणायची. कॅसेट संपून खटकन बटण वर आलं, की सांगायची, "बाबा बंद झाला." सगळे हसायचे. रझियाही हसायची, आणि मग उगाच आत जाऊन भांडी हलवायची.

कंप्युटरचा खटाटोप चालला होता तो यासाठी. बंदरावर महिपतशेठचा बर्फाचा कारखाना होता. कुवेतला जाण्याआधी रशीद तिथला कॉम्प्रेसर दुरुस्त करायला जायचा. महिपतशेठनं निरोप दिला होता, "मशीन चालताना दाखवा. कुठल्या होडीला बर्फाच्या किती लाद्या गेल्या, किती उरल्या, हे त्यानं बिनचूक सांगितलं, तर रशीदला म्हणावं ये. बर्फाचं मशीन पण तोच बघेल आणि हे पण." नाहीतर कुवेतचा करार होताच, आणखी दोन वर्षांचा. रशीदनं सही रोखून धरली होती ती सुलेमानचाचा परत जाईपर्यंत. चाचा सोमवारी निघणार होते. महिपतशेठ रविवारी येणार होते.

सगळी जोडणी रझियानं रशीदच्या आधीच्या कॅसेटींवरून वहीत उतरवून ठेवलेल्या सूचना बघत केली होती. कुठली तार कुठे, आधी कुठलं बटण. सॉकेटला तिनं चिकटपट्टी लावली, नूरची बोटं जाऊ नयेत म्हणून. पेटीच्या पाठीला हात लावून ती सारखी बघायची, तापली तर नाही ना. यायचा राहिला होता तो फक्त रशीदनं लिहिलेला बर्फाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम. तोही कॅसेटवरच यायचा होता. टेपरेकॉर्डर मशीनला जोडायचा, कॅसेट लावायची, आणि मशीन तो ऐकून शिकून घ्यायचं.

सुलेमानचाचांनी पेटीबरोबर एक कॅसेट दिली होती, ती सगळ्यांनी मिळून ऐकायची म्हणून ठेवून दिली होती. शुक्रवारी नमाज झाल्यावर ते ऐकायला आले. शेजारच्या झुबेदाखालाही आल्या. रशीद बोलला, सगळ्यांची चौकशी करून झाली. अम्मानं डोळे पुसले, कॅसेट उलटी केली, फीत सुरुवातीला नेली आणि लाल बटण दाबलं.

"रशीद, माझ्या लेका, जेवलास काय रे? खारा बांगडा पाठवलाय चाचाबरोबर, सगळा एकटा खाऊ नको..."

अम्मा मनसोक्त बोलली. मग नूरनं मांजराची कविता अर्धीच म्हटली. झुबेदाखालांनी गुडघ्याचं मलम मागवलं, मागच्या खेपेचं खोटं निघालं म्हणून चार शब्द सुनावले. मग अम्मा पुन्हा बोलली.

चाचा निघताना रझियानं विचारलं, "चाचा, दुसरी कॅसेट?"

"कुठली दुसरी? एकच तर दिलान."

दुपारी सगळे पांगल्यावर तिनं स्वयंपाकघरात टेप कानाशी धरला आणि पहिली बाजू जिथं थांबली होती तिथून लावली.

"रझिया," रशीदचा आवाज आला, नेहमीसारखा हळू. "आता तुझ्यासाठी. बर्फाचा प्रोग्रॅम या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला घातलाय. घाबरू नको. अम्माला सांग, की..."

खटकन बटण वर आलं. फीत संपली होती. आईसाठी बोलताना त्याला वेळेचं भान राहायचं नाही, हे नेहमीचंच.

दुसरी बाजू! तिथं आता खारा बांगडा होता, मांजर होतं, झुबेदाखालांचा गुडघा होता. कुवेतहून नवीन कॅसेट रविवारपर्यंत कुठून यायला? अम्माला सांगून तरी काय होणार होतं? ती म्हातारी जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती. आणि दोन वर्षांनी नूर पाच वर्षांची होईल. तिला बाबा कसा दिसतो ते माहीत नसेल, नुसतं कसा बंद होतो ते माहीत असेल.

तिनं कॅसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. तेव्हा तिच्या लक्षात आलं. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पाकळ्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा आवाज भरता येत नाही. गाण्यांच्या विकतच्या कॅसेटींच्या त्या मोडलेल्याच असतात. या कॅसेटच्या शाबूत होत्या. मच्छरदाणीची जाळी लावायला न विसरलेला माणूस हे विसरेल?

तिनं दुसरी बाजू सुरुवातीपासून लावली आणि पदराला हात पुसत बसून राहिली. अम्मा बोलली. नूर बोलली. मलम झालं. अम्मा पुन्हा बोलली, आणि शेवटी म्हणाली, "बस झालं. घसा सुकला."

आणि त्याच्या पाठोपाठ किंचाळल्यासारखी खरखर सुरू झाली. कानठळ्या बसवणारी. रझिया दचकून मागे सरली. खरखर थांबली. काही क्षण काहीच नाही. मग एक लांब शिट्टी, आणि पुन्हा तीच खरखर, पहिल्यापासून. ती थांबली. पुन्हा शिट्टी.

तिच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. मशीनला ऐकवायचा प्रोग्रॅम तो हाच. रशीदनं तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा, अख्खी बाजू भरून घातला होता. अम्मा बोलणार हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं तिच्या कॅसेटी ऐकून, तिचा घसा कुठे सुकतो हेही त्याला ठाऊक झालं होतं. पाकळ्या मोडल्या असत्या तर अम्माला उत्तर देता आलं नसतं. त्यानं आईची जागा आईला ठेवली होती, आणि तिच्या पुढची जागा बायकोला.

रझिया ती खरखर गाणं ऐकावं तशी ऐकत बसली. ती संपल्यावर तिला कळलं, आपण हसतोय.

रविवारी महिपतशेठ आले. धिप्पाड माणूस, टीव्हीसमोरच्या खुर्चीत मावेना.

"वहिनी, हेच काय ते मशीन? मला वाटलं कपाटाएवढं असेल."

"यांनी आपल्या घराच्या मापाचं केलंय," रझिया म्हणाली. कॅसेट तिनं सकाळीच बरोबर शिट्टीच्या आधी आणून ठेवली होती. तिनं बटण दाबलं. पडद्यावर काहीच हललं नाही. तिनं तारेकडे पाहिलं. टेपची तार नूरच्या हातात होती. कॅसेट मागे पळवायचं बटण नूरला फार आवडायचं, तेही तिनं मघाशी दाबून घेतलं होतं. तार निघालेली असल्यामुळे आवाज थेट खोलीभर घुमला.

"...आणि तो महिपतशेठ! तीनदा येतो म्हणाला, तीनदा नाय आला. बर्फाचा कारखाना चालवतो, आणि शब्द पण तसाच देतो. उन्हात धरला की पाणी!"

रझियानं बटणावर हात मारला. दारात अम्मा चहाचा कप घेऊन उभी, ना पुढे येई ना मागे जाई.

महिपतशेठनं मान वळवली. "ही कोण बोलली, अम्मा?"

"मीच ती," अम्मा म्हणाली. "आता चहा घ्या, नायतर तोपण थंड."

महिपतशेठनं कप हातात घेतला. खुर्ची करकरली आणि ते इतके हसले, की त्यांच्या अंगठ्या कपाला लागून वाजायला लागल्या. "आजचा शब्द पाळला की नाही? आलो की नाही? चालू द्या वहिनी, चालू द्या."

रझियानं नूरला कडेवर घेतलं, तार लावली, कॅसेट पुढे नेली. चुकतमाकत जागा सापडली. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वारा लागल्यासारख्या सळसळल्या. पट्ट्या गेल्या, आणि रोमन लिपीत मराठी उमटलं: सलाम महिपतशेठ.

"माझं नाव आहे की हे!" शेठ पुढे वाकले.

मग ते सांगत गेले आणि रझिया टंकत गेली. अमक्या होडीला इतक्या लाद्या, तमकीला तितक्या. उरलेल्या लाद्यांचा आकडा कोपऱ्यात आपोआप खाली येत होता. शेठ मनात गणित करून मान हलवत होते. मग मध्येच त्यांनी डोळे बारीक केले.

"थांबा. त्या दुसऱ्या होडीचं इंजिन बिघडलं. गेलीच नाही. लाद्या परत आल्या, त्याही अर्ध्या वितळलेल्या. आता?"

रझियानं पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. तळाशी एक ओळ होती, आणि त्या ओळीत शब्द होता: परत. तिनं त्या शब्दाचं पहिलं अक्षर दाबलं. मशीननं विचारलं, शाबूत किती, वितळलेल्या किती. तिनं आकडे घातले. कोपऱ्यातला आकडा वर सरकला, आणि वितळलेला बर्फ वेगळा दिसू लागला.

महिपतशेठनं कप खाली ठेवला. "हे त्याला कुणी सांगितलं? माझा कारकूनसुद्धा परत आलेला बर्फ विसरतो."

"कॉम्प्रेसर दुरुस्त करायला यायचे ना तुमच्याकडे," रझिया म्हणाली. "हात कामात असले तरी त्यांचं लक्ष सगळीकडे असतं."

हे म्हणताना तिला पेटीच्या दुमडलेल्या कडा आठवल्या, जाळी आठवली, शिट्टी आठवली. असा माणूस आपल्या घरचा आहे याचा इतका अभिमान तिला निकाहाच्या दिवशीही वाटला नव्हता.

महिपतशेठ उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "अम्मा, त्याला कळवा. म्हणावं, शेठनं शब्द दिलाय, आणि तुमच्यासमोर दिलाय. हा काही वितळत नाही."

ते गेल्यावर अम्मानं टेपरेकॉर्डर पुढ्यात ओढला. "आण ती कॅसेट. चाचा उद्या जातो. मन ताजं हाय तोवर..."

"ती नको, अम्मा." रझियानं केसांतली पिन काढली आणि कॅसेटच्या दोन्ही पाकळ्या टचकन मोडल्या. मग कपाटातली कोरी कॅसेट आणून टेपमध्ये घातली. अम्मा सवयीनं माइकपाशी सरकली.

"आणि आज आधी मी बोलते."

अम्मानं तिच्याकडे पाहिलं. झुबेदाखाला दारात येऊन उभ्या होत्या, चाचा पायरीवर. सगळ्यांदेखत नवऱ्याशी बोलायचं, तेही सुरुवातीलाच? मग जराशी बाजूला सरकून जागा करून दिली.

"बोल गो बाय. पण उरव माझ्यासाठी थोडं."

रझियानं नूरला मांडीवर घेतलं आणि लाल बटण दाबलं.

"अहो," ती म्हणाली, "सही करू नका. मशीन चाललं. तुम्ही घरी या."

नूरनं वाकून माइकला तोंड लावलं. "बाबा," ती म्हणाली, "चालू हो."