सिमेंटखाली कुजलेला पाय

मी कापडबाजाराच्या कोपऱ्यावरची ओकच्या लाकडाची इमारत बोलतेय. माझा वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढे आलाय. पावसात माणसं त्याच्याखाली निर्धास्त उभी राहतात, आणि इकडे माझा जीव टांगणीला लागतो. कुणाच्या डोक्यावर असणं ही काय चैन आहे होय?

सुतारांनी मला आधी गावाबाहेर जमिनीवर आडवी जोडली. प्रत्येक सांध्यावर खुणा कोरल्या, पुन्हा सुटी केली, गाड्यांतून इथं आणली आणि खुणा जुळवून उभी केली. लाकूड तेव्हा ओलंच होतं. वाळता वाळता मी कलले, पिळले. पण सगळ्या मेखा लाकडाच्या, त्यामुळे सांधे उलट घट्ट बसले. भिंती कुडाच्या, वरून चुना. पाणी आत शिरायचं आणि वाऱ्याबरोबर निघूनही जायचं. चारशे वर्षं माझी काही तक्रार नव्हती.

मग विल्फ आणि ग्वेन प्रॉसर आले. नुकतं लग्न झालेलं. खाली त्यांनी लोकरीचं दुकान थाटलं, वर संसार. पहिल्याच थंडीत ग्वेन कुडकुडून बेजार झाली, तेव्हा विल्फनं पुढच्या उन्हाळ्यात स्वतः शिडीवर चढून मला बाहेरून सिमेंट फासलं. तेव्हा अख्खं गावच फासत होतं.

"आता वाऱ्याची काय बिशाद!" तो म्हणाला.

वारा थांबला खरा, पण आत मुरलेलं पाणीही आतच अडकलं. माझा कोपऱ्यातला मुख्य खांब बुडातून कुजू लागला. पन्नास वर्षं कुजतोय, आणि बाहेरून बघावं तर मी पांढरीशुभ्र. सांगणार कशी? करकरले, की विल्फ हसून म्हणायचा, "म्हातारी घसा साफ करतेय."

यंदा विल्फच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आला तो वॉकर धरून. जिन्याला सरकती खुर्ची बसवली, पण वर न्हाणीघराच्या दाराशी माझा तिरपा टेकू आडवा येई आणि वॉकर अडे. कुजक्या खांबाचा सगळा भार त्या एका टेकूवरून शेजारच्या खांबावर जात होता, हे कुणाला ठाऊक!

ग्वेननं बॅरी मिस्त्रीला बोलावलं.

"एवढंच? चहा टाका, तोवर कापून देतो."

"अरे, जुन्या घराला परवानगी लागते ना?"

"अहो बाई, परवानगी येईपर्यंत विल्फ धावायला लागेल!"

बॅरीनं करवत लावली. टेकूचा तिसरा हिस्सा कापला गेला आणि भार सरकला. माझ्या आतून एक असा आवाज निघाला की मीच दचकले.

विल्फ खाली गल्ल्याशी बसला होता. गारठ्यात मी कशी कुरकुरते, वाऱ्यात कशी, सगळं त्याला पाठ. तो तिथूनच ओरडला, "बॅरी! थांब! हात काढ!"

"लाकूडच ते, कुरकुरणारच."

"पन्नास वर्षं ऐकतोय मी तिला. हा तिचा नेहमीचा आवाज नाही. करवत ठेव, नाहीतर वर येऊन वॉकर घालीन टाळक्यात!"

बॅरी तोंड वाकडं करून खाली आला. विल्फनं त्याला बाहेरून कोपऱ्यातलं सिमेंट फोडायला लावलं. आतलं लाकूड भिजल्या पावासारखं बोटांना लागून आलं. बॅरीचा चेहरा उतरला.

"कुठल्या गाढवानं हे सिमेंट फासलं?"

विल्फनं वॉकर पुढे सरकवून ते कुजकं लाकूड चाचपलं. मग म्हणाला, "मी."

"माझ्यासाठी फासलं होतंस," ग्वेन म्हणाली. "थंडीची कटकट मीच लावली होती ना?"

आता मी लोखंडी नळ्यांच्या आधारानं उभी आहे. जुन्या घरांचं काम करणारी सुतारीण, हेस्टर, येऊन बघून गेली. कुजलेला भाग कापून नव्या ओकचा पाय जोडू म्हणाली, आणि वर पुन्हा चुनाच. पण सगळं सिमेंट निघेपर्यंत ती कसलाच शब्द देत नाही. तोवर घरात कुणी राहायचं नाही.

लेक गाडी घेऊन आलीय. ग्वेन गाडीत बसलीय. विल्फ मात्र दुकानातल्या खुर्चीवरून हलत नाही. "हिची ही दशा मी केली. आता टाकून कसा जाऊ?" म्हणतो.

विल्फ, ऊठ रे बाबा. मला तुझा राग नाही. बायकोला थंडी वाजते म्हणून तू राबलास, त्याचा काय राग धरायचा? फक्त पुन्हा सिमेंट लावू नकोस, मला श्वास घेऊ दे. आजवर मी कुणाला जा म्हटलेलं नाही, तुला म्हणतेय. तू खाली बसलायस म्हणून मी अंग आवळून उभी आहे, आणि आता ते झेपत नाही. जा. मग पडलेच तर निदान रिकामी पडेन.